ब्लूमसाहेबाची नजरचूक

तात्यांना दिसेनासं होत चाललं आहे ही गोष्ट अख्ख्या उज्जैनमध्ये एकट्या तात्यांना माहीत होती, आणि ती फुटू द्यायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

तात्या म्हणजे मधुकर पोतनीस, माझे सासरे. त्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या खजिन्यावर होते. त्या खजिन्यातलं पुढच्या पिढ्यांपर्यंत फक्त आडनाव पोचलं. तात्या स्वतः रेल्वेत तिकीट तपासनीस होते. चालत्या गाडीत, पिवळ्या दिव्याखाली, तिकिटावर केलेली खाडाखोड त्यांना एका नजरेत दिसायची. रतलाम ते भोपाळ या पट्ट्यात फुकट प्रवास करणारे लोक त्यांचं नाव आदराने घेत. असा माणूस निवृत्त होऊन फ्रीगंजमधल्या घरात एकटा राहत होता, रोज सकाळी स्कूटरवरून टावर चौकात पोहे-जलेबी खायला जात होता, आणि त्याला समोरची जलेबी दिसत नव्हती.

तुम्हाला कळलं कसं नाही, असं लोक आम्हाला विचारतात. याचं उत्तर शहराने द्यायला हवं. फ्रीगंजमध्ये गाडी चालवायला डोळे लागतातच असं नाही, हॉर्न लागतो. तात्या इतके हळू जात की गायी त्यांना ओव्हरटेक करत, आणि आम्ही ते वयाचं शहाणपण समजून इतरांना त्यांचं उदाहरण द्यायचो. रस्त्यात कुणीही हाक मारली की ते म्हणत, "अरे, तुम्ही? कधी आलात?" उज्जैनात निम्मी माणसं कुठून ना कुठून आलेलीच असतात, त्यामुळे हा प्रश्न बहुधा बरोबर ठरायचा. पेपर तासभर तोंडासमोर धरायचे आणि मिटताना सांगायचे की काही नवीन नाही. यावर वाद कोण घालणार?

डॉक्टरकडे न जाण्यालाही कारण होतं. माझ्या सासूबाई, अहल्याबाई, पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेल्या होत्या. उद्या घरी आल्यावर दही लागेल म्हणून जाताना विरजण लावून गेल्या. ऑपरेशन नीट झालं, पण हृदय थांबलं. कुणाचीच चूक नव्हती आणि तात्यांना तेच जास्त लागलं. चूक असती तर निदान भांडता आलं असतं. तेव्हापासून 'छोटंसं ऑपरेशन' हे शब्द त्यांच्यासमोर कुणी काढत नसे. डोळ्यांवर धुकं यायला लागलं तेव्हा त्यांनी आपलं आपणच निदान केलं. धुकं म्हणजे मोतीबिंदू, मोतीबिंदू म्हणजे ऑपरेशन, ऑपरेशन म्हणजे नको. धुक्यात राहू, पण घरात राहू.

अशात अपूर्वाने फूल पाठवलं.

अपूर्वा ही तात्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. पुण्याला नोकरी करते. त्याच्या आदल्या वर्षी तिचे वडील गेले तेव्हा दवाखान्यापासून घाटापर्यंत सगळं तात्यांनी निभावलं होतं. या वेळी गणपतीला तिला येता आलं नाही, म्हणून तिने त्यांच्यासाठी ऑर्किडची एक कुंडी घरपोच पाठवली. खाली रुंद हिरवी पानं, त्यातून निघून वर जाऊन वाकलेली एक दांडी, आणि दांडीवर ओळीने पांढरी फुलं. कुंडी आली तेव्हा तात्या बाहेर गेले होते. माझी बायको कल्पना त्यांच्याकडे रोज एक चक्कर मारते, ती तिथेच होती. कुठे ठेवायची ते तिने अपूर्वाला फोनवर विचारलं आणि कुंडी मागच्या खोलीच्या खिडकीत, जाळीच्या पडद्याआड, थेट ऊन लागणार नाही अशी ठेवली. मागची खोली म्हणजे सासूबाईंची शिवणाची खोली. त्यांचं मशीन अजून तिथे झाकलेलं आहे.

संध्याकाळी कल्पनाने तात्यांना विचारलं की अपूर्वाने फूल पाठवलंय ते पाहिलंत का. तात्यांनी व्हरांड्यातल्या क्रोटनच्या दिशेने मान वळवली आणि म्हणाले, "हो तर. मस्त रंग आहे." क्रोटन तिथे आमच्या लग्नाच्याही आधीपासून आहे. कल्पनाला वाटलं, हे आत जाऊन पाहून आले. तात्यांना वाटलं, आपण वेळ मारून नेली. दोघांचंही समाधान झालं आणि चहा आला.

मग पितृपक्ष लागला.

आमच्या गावात पितृपक्ष हा सीझन असतो. देवास गेटच्या बसस्टँडवर नुकती तुळतुळीत केलेली डोकी उतरतात, लॉजमध्ये खोली मिळत नाही, आणि भैरवगढ़ला नदीकाठच्या सिद्धवट या वडावर दूध वाहणाऱ्यांची रांग लागते. बाहेरच्यांचे पितर येतात तसे आमचेही येतात, फक्त त्यांना लॉज लागत नाही. पोतनीसांच्या घरात यासाठी एक रीत आहे. या पंधरवड्यात दिव्यावर झेपावणारा एखादा पतंग घरात आला, तर त्याला हाकलायचं नाही. तो आपल्यातलाच कुणीतरी असतो, खुशाली विचारायला आलेला. तात्यांच्या आईने ही रीत इतकी कडक पाळली की पंधरा दिवस घरात मोठा दिवा लावू दिला नाही, पाहुणा भाजेल म्हणून. तो नेम अजून चालू आहे; सासरी गेलो की या दिवसांत मी अंधारात जेवतो. भाजी कोणती ते चवीवरून ठरवतो.

पितृपक्षाच्या पहिल्याच संध्याकाळी तात्या मागच्या खोलीत उदबत्ती लावायला गेले आणि त्यांना खिडकीत पतंगाची पाखरं दिसली. पांढरी, पंख पसरून एका ओळीत बसलेली. वाऱ्याची झुळूक आली की जराशी थरथरायची आणि पुन्हा स्थिर. उडत नव्हती. पितृपक्षात, अहल्येच्या खोलीत, तिच्या मशीनच्या बरोबर वर. जन्मभर पुरावा असल्याशिवाय कुणाला दंड न केलेल्या माणसाला याहून वेगळा पुरावा काय हवा होता?

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्हाला शोभाने सांगितलं. शोभा तात्यांकडे स्वयंपाक करते. ती एक दिवस कल्पनाला दारातच म्हणाली, "दीदी, बाबूजी फूल को खीर खिला रहे हैं।"

चौकशी केली तेव्हा खरंच होतं. कुंडीखाली रोज संध्याकाळी खिरीची वाटी ठेवली जात होती. कल्पना गहिवरली. ज्या माणसाने जन्मात तुळशीला तांब्याभर पाणी घातलं नाही, तो उतारवयात एका झाडाला खीर देतो आहे. तिने मला पाहून यायला सांगितलं. मी गेलो तर खोलीत दिवा नव्हता, दार लोटलेलं होतं, आणि तात्या खुर्ची ओढून खिडकीसमोर बसून गप्पा मारत होते.

"दूधवाला पाणी घालतोच आहे," ते सांगत होते. "मी आता भांडत नाही त्याच्याशी. तू असताना भांडण्यात मजा होती."

मी आलो तसा पावलं न वाजवता परत फिरलो. घरी आल्यावर कल्पनाला सांगितलं. ती म्हणाली की तात्यांनी त्या झाडाला आईचं नाव दिलंय, दुसरं काय. झाडांशी बोलणं झाडाला आणि माणसाला दोघांनाही चांगलं असतं, असं तिने कुठे तरी वाचलं होतं. आपण मध्ये पडायचं नाही असं आमचं ठरलं. फक्त मुंग्या होऊ नयेत म्हणून तिने शोभाला खिरीत साखर कमी घालायला सांगितलं. थोडक्यात, एक माणूस डोळे घालवत होता आणि त्याचे सुशिक्षित नातेवाईक खिरीतली साखर कमी करत होते.

पंधरवडा अर्धा सरला असेल, तेव्हा दुपारी कल्पनाचा फोन वाजला. ती तेव्हा माझ्यासमोर बसून गवार निवडत होती. फोन स्पीकरवर होता.

"कल्पना, एक गेलं," तात्या म्हणाले. आवाज बसलेला होता.

"काय गेलं?"

"खाली पडलंय. खिरीच्या वाटीशेजारी. मी हात नाही लावला."

"अहो तात्या, ते गळणारच. फूल आहे, किती दिवस टिकेल?"

"कुठलं फूल?"

"अपूर्वाचं. खिडकीतलं."

"अपूर्वाचं फूल व्हरांड्यात आहे," तात्या म्हणाले.

कल्पनाने हातातली शेंग खाली ठेवली. "व्हरांड्यात क्रोटन आहे, तात्या. पंचवीस वर्षांपासून." मग तिने फार हळू विचारलं, "खिडकीत तुम्हाला काय दिसतं?"

तात्यांनी फोन ठेवून दिला.

आम्ही पोचलो तेव्हा ते व्हरांड्यात बसले होते. मागच्या खोलीला बाहेरून कडी घातलेली होती. कल्पनाने त्यांच्यापासून दोन हातांवर उभं राहून बोटं दाखवली आणि किती आहेत ते विचारलं. तात्या म्हणाले, "हा काय पोरखेळ लावलाय?" तिने बोटं खाली केली, आत गेली, खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि मग रडली. या रस्त्यांवरून तुम्ही रोज जात होता, म्हणाली. मला कधी तरी कुणा अनोळखी माणसाचा फोन आला असता.

तात्यांनी किल्ली परत मागितली नाही. त्यांना दुखलं होतं ते किल्लीचं नव्हतं. ती डॉक्टरचं नाव काढत होती तेव्हा ते पितृपक्ष होऊ दे म्हणाले, मग नवरात्र होऊ दे म्हणाले. ही यादी होळीपर्यंत जाणार हे मला दिसत होतं. ती चहा करायला आत गेली तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रसादराव, आठ दिवस मी एका कुंडीशी बोललो. शोभाने पाहिलं. तुम्ही पाहिलं?"

मी म्हणालो, पाहिलं.

"मग आता डोळे नीट करून काय पाहायचं?"

हा प्रश्न माझ्या विषयातला नव्हता. मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो.

तिथीला अपूर्वा पुण्याहून आली. सकाळी सिद्धवटावर तिच्या वडिलांचं श्राद्ध झालं. तात्या माझ्या हाताला धरून पायऱ्या उतरले, आणि मी सावकाश चालतो म्हणून मला सगळ्यांदेखत बोलले. दुपारी पानं मांडली. कल्पनाने अपूर्वाला सगळं आधीच सांगितलं होतं, आणि तिने काकांना डॉक्टरबद्दल समजवावं अशी तिची अपेक्षा होती. अपूर्वाने डोळ्यांचा विषयच काढला नाही. ती वडा मोडता मोडता म्हणाली, "काका, मी पाठवलेल्या त्या फुलाचं नाव काय माहीत आहे का?"

"तू त्या फुलाचं नाव काढू नकोस बाई."

"फॅलेनॉप्सिस. ग्रीक आहे. अर्थ सांगू? पतंगासारखं दिसणारं."

तात्यांचा घास हातात राहिला.

मग तिने गोष्ट सांगितली. दोनशे वर्षांपूर्वी ब्लूम नावाचा एक वनस्पतींचा अभ्यासक जावा बेटावर डच सरकारच्या नोकरीत होता. सरकारी नोकर होता का, असं तात्यांनी मध्येच विचारलं. होता, तिथल्या मोठ्या बागेचा तो प्रमुख होता, हे कळल्यावर ते जरा सावरून बसले. तर हा ब्लूमसाहेब जंगलात असताना त्याला लांबच्या एका फांदीवर पांढरे पतंग ओळीने बसलेले दिसले. तो पाहत राहिला. पतंग काही उडेनात. शेवटी जवळ गेला, तर फुलं. त्याने पुस्तक लिहिलं तेव्हा त्या जातीला हेच नाव दिलं. इतकं सांगून अपूर्वाने प्रामाणिकपणे हेही जोडलं की जंगलातली गोष्ट खरीच अशी घडली की मागाहून कुणी रचली, याची खात्री देता येत नाही. नाव मात्र त्याचंच, आणि अर्थही हाच.

तात्यांनी उलटतपासणी सुरू केली. फार दिवसांनी त्यांचा नोकरीतला आवाज ऐकू आला.

"त्याचे डोळे ठीक होते?"

"असावेत. दुर्बीण होती म्हणतात."

"दुर्बिणीतूनसुद्धा पाखरं दिसली?"

"हो, म्हणतात तसं."

"मग कळल्यावर लपवलं नाही त्याने? फूल आहे हे आधीच ठाऊक होतं, असं सांगता आलं असतं. जंगलात दुसरं कोण होतं पाहायला?"

"नाही लपवलं, काका. चूक झाली तेच नाव ठेवून दिलं. आता सगळं जग त्या फुलाला तेच म्हणतं."

तात्यांनी वडा संपवला, कढी मागून घेतली, तीही संपवली. कल्पना त्यांच्याकडे पाहत होती आणि मी पानाकडे. पाणी पिऊन झाल्यावर ते मला म्हणाले, "प्रसादराव, ती डोळ्यांची डॉक्टरीणबाई कुठे बसते म्हणालात?"

मी असं कधीच म्हणालो नव्हतो. ते मुलीला विचारलं असतं तर शरणागती झाली असती, म्हणून जावयाला विचारलं. जावई अशा वेळी कामाला येतो.

डॉक्टर इशिता वयाने इतकी लहान होती की तात्यांनी तिला आधी विचारलं, मोठ्या डॉक्टर कधी येतील. तिने ते हसण्यावारी नेलं आणि बराच वेळ तपासलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, म्हणजे तात्यांचं निदान अचूक निघालं. पण ती म्हणाली, मोतीबिंदू ही यातली सोपी गोष्ट आहे. त्यामागे उजव्या डोळ्यात दाब वाढला होता आणि तो आतली नस हळूहळू खात होता. दुखत नाही, खुपत नाही, माणसाला वाटतं मोतीबिंदूच वाढतोय. जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही. उरलेलं राखता येईल. अजून एखादं वर्ष असंच घालवलं असतंत तर मी तुमच्याशी फक्त गोड बोलले असते, असं तिने सांगितलं. मग विचारलं, "आज कशामुळे आलात?"

"एका सरकारी अधिकाऱ्याने सल्ला दिला," तात्या म्हणाले.

ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं. आदल्या दिवशी त्यांनी शोभाला विरजण लावू दिलं नाही. तिने कारण विचारलं तर दही बाधतं म्हणाले. कल्पनाने ते ऐकलं, आणि त्या दिवशी आमच्या घरीही दही लागलं नाही.

पंधरा मिनिटांचं काम होतं. कल्पना बाहेर बसून राहिली आणि त्या पंधरा मिनिटांत तिने माझ्या हाताला नखं रुतवली, ती खूण आठवडाभर होती. तात्या चाकाच्या खुर्चीतून बाहेर आले. चालत जाईन म्हणत होते, नर्स ऐकत नव्हती, भांडण चालू होतं. ते भांडण ऐकून कल्पना भिंतीला टेकली आणि हसायला लागली. लोक पाहायला लागले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. तात्यांनी आधी दिवा पाहिला, मग डॉक्टरीणबाईंना, मग कल्पनाला. तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"केस कधी पिकले गं तुझे?"

"झाली की चार-पाच वर्षं."

"सांगितलं नाहीस."

"ते काय सांगायचं असतं, तात्या?"

त्यांनी हात पुढे करून तिच्या कानाजवळची पांढरी बट चिमटीत धरली आणि सोडली. म्हणाले, "आई गं. अगदी अहल्येसारखी दिसायला लागलीस." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "प्रसादराव, तुम्ही आहात तसेच आहात." ही स्तुती नव्हती.

घरी गेल्यावर मागच्या खोलीची कडी त्यांनी स्वतः काढली. दांडीवर दोनच फुलं उरली होती. चष्मा नाकावर सरकवून ते खिडकीशी वाकले. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी शिरा होत्या, मध्ये पिवळा ठिपका, त्याच्या टोकाला मिशीसारखे दोन आकडे. त्यांनी सगळं तपासलं.

"हे पाखरासारखं अजिबात दिसत नाही," ते म्हणाले. थोडे नाराजच होते.

पुढे फुलं गळून गेली. दांडी वाळली, पानं हिरवी राहिली. पुन्हा फूल येईल असं अपूर्वा सांगते, अजून आलेलं नाही. तात्या उजव्या डोळ्यात सकाळ-संध्याकाळ थेंब घालतात. पेपर खरोखर वाचतात आणि त्यात काही नवीन नाही असंच सांगतात. स्कूटरची किल्ली कल्पनाने परत दिलेली नाही. टावर चौकात ते आता चालत जातात, आणि रस्ता ओलांडताना येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओळखून नावाने हाका मारतात. त्यामुळे काही लोकांची पंचाईत झाली आहे.

यंदा पितृपक्षात आम्ही पुन्हा भैरवगढ़ला गेलो. सिद्धवटाखाली गर्दी होती. गुरुजी भराभर चालले होते. आई-वडील, आजा-पणजा, अहल्याबाई, धाकटा भाऊ. तर्पणात शेवटी गुरू आणि मित्र यांनाही पाणी देतात. तिथे आल्यावर गुरुजींनी विचारलं, और कोई?

"एक हैं," तात्या म्हणाले. "गुरु की जगह।"

"नाम?"

"ब्लूम।"

गुरुजींनी मान वर केली नाही. सीझनमध्ये त्यांनी सगळं ऐकलेलं असतं. "गोत्र?"

"मालूम नहीं।"

"जिसका गोत्र मालूम नहीं, उसका काश्यप। बोलिए, काश्यप गोत्र।"

कल्पनाने मागून हळूच विचारलं की मग डॉक्टरीणबाईंचं काय, खरे डोळे तर त्यांनी वाचवले. तात्या म्हणाले, "ती जिवंत आहे, देवाची कृपा. तिला फराळाचा डबा पाठवू." मग समोर वळून बसले. गुरुजींनी तळहातावर पाणी घातलं, तीळ घातले, आणि मंत्र सुरू केला. तात्या पाणी सोडायचे थांबले. तळहात डोळ्यांपाशी नेऊन त्यांनी निरखून पाहिला, दुसऱ्या हाताच्या बोटांनी तिळांतला एक बारीक खडा उचलून बाजूला टाकला, आणि मग स्वच्छ तिलोदक ब्लूमसाहेबाला दिलं.